अस्वलाचा मार कुणाच्या अंगावर?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळाचं सुधारित नियमपुस्तक सप्टेंबर 2024 मध्ये आलं. पुढच्या एप्रिलमध्ये त्यातले मूळ नियम सर्वांना मोफत खुले झाले आणि उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या टेबलावरचं भांडण आणखी पेटलं. रूप पालटू शकणाऱ्या ड्रुइड या पात्राने अस्वलाचं रूप घेतलं, तर मार कुणाच्या खात्यावर मांडायचा?

2014 च्या नियमांत रूप बदललं की जनावराचे एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसेल त्याचा आकडा) तुमचे. दुसऱ्या लेव्हलच्या ‘मून’ ड्रुइडचे स्वतःचे जेमतेम 17, तपकिरी अस्वलाचे 34. ते संपले की माणूस आपल्या 17 वर परत. शेवटच्या घावातलं उरलेलं नुकसान तेवढं त्याला लागायचं. एका शॉर्ट रेस्टपर्यंत हे दोनदा करता यायचं, म्हणजे 17 च्या जिवाला वर 68 चं कवच. बाकीचे खेळाडू चिडायचे ते उगाच नव्हे.

आता ड्रुइड स्वतःच्याच एचपीवर राहतो. वर लेव्हलइतके तात्पुरते एचपी मिळतात, मून ड्रुइडला तिप्पट. तिसऱ्या लेव्हलला 9. शीटवरचे ते 9 एकाच फटक्यात खोडरबराने जातात आणि पुढचा घाव थेट माणसाच्या आकड्यातून वजा होतो, अंगावर अस्वलाची कातडी असतानाच. तोल साधला, पण देह बदलल्याची जाणीवच गेली, असं माझं ठाम मत आहे. 1978 च्या नियमांत रूप बदलताना ड्रुइडच्या जखमा 10 ते 60 टक्के भरून यायच्या. नवा देह म्हणजे नवा जीव, हे तेव्हा मान्य होतं.

उज्जैनकरांना हा प्रश्न परका वाटू नये. जुनं शहर ओलांडून गढकालिकेकडे गेलं की क्षिप्रेकाठी पीर मत्स्येंद्रनाथांची समाधी म्हणून मानलेलं ठिकाण आहे. मालू कवींच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त (1819) हेच मच्छिंद्रनाथ मेलेल्या त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात आणि स्वतःचा देह गोरक्षाच्या राखणीत ठेवतात. राणीला सुगावा लागतो, ती त्या देहाचे तुकडे करवते. राजाच्या देहाला ओरखडाही नाही आणि नाथांचा परतीचा रस्ता बंद! मागे ठेवलेल्या देहाचे तुकडे मिळवायला गोरक्षाला पुढे वीरभद्राशी झुंजावं लागतं.

खेळात हा धोका ‘मॅजिक जार’ मंत्राने नेमका पकडला आहे. आत्मा आधी एका पात्रात, तिथून दुसऱ्याच्या शरीरात. मंत्र संपताना आपला देह मेलेला किंवा शंभर फुटांपलीकडे असेल, तर आपणही मेलो. जादूला किंमत असावी ती अशी.

ड्रुइड देह मागे सोडत नाही, त्याचाच देह पालटतो. म्हणून किंमत त्याच देहाकडून घ्यावी. माझा प्रस्ताव असा: अस्वलाचे पूर्ण एचपी परत द्या, पण अस्वल पडलं की ड्रुइडला थकव्याची एक पायरी. नव्या नियमांत दर पायरीला डी-20 या वीस बाजूंच्या फाशाच्या फेकीतून 2 वजा होतात आणि सहाव्या पायरीला मरण. लाँग रेस्टने उतरते ती एकच पायरी.