कंबर शिक्षकाची, हिशेब शाळेचा

५५.७ टक्के. बोत्सवानातल्या ज्या शिक्षकांची पाहणीआधीच्या १२ महिन्यांत कधी ना कधी कंबर दुखली, त्यांचे हे प्रमाण. एरिक आणि स्मिथ या संशोधकांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,७४७ शिक्षकांनी प्रश्नावली भरून दिली होती.

'निम्म्याहून जास्त शिक्षक कंबरेने अधू' असा मथळा यावरून सहज निघेल, आणि तो चुकीचा असेल. दुखणे असलेल्यांपैकी ६७.१ टक्क्यांच्या रोजच्या कामात जेमतेम अडथळा येत होता. शिवाय 'आज दुखते का' आणि 'वर्षात कधी दुखली का' हे प्रश्नच वेगळे. याच दोघांनी २०११ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र वाचल्या, तेव्हा शिक्षकांमधल्या स्नायू-सांध्यांच्या तक्रारींचे प्रमाण ३९ ते ९५ टक्के असे पसरलेले दिसले. एवढ्या रुंद पट्ट्यातून एकच आकडा उचलून मिरवण्यात अर्थ नाही. कंबर कोणाची जास्त दुखते, हे विचारणे अधिक कामाचे.

बोत्सवानाच्या पाहणीत त्याची उत्तरे 'ऑड्स रेशो'त आहेत; दुखणारे आणि न दुखणारे यांचे गुणोत्तर एका गटात दुसऱ्याच्या किती पट, ते तो सांगतो. पाठीला आधी दुखापत झालेल्यांसाठी तो ९.६७ आहे. म्हणजे नऊपट लोकांना दुखते असे नव्हे. समजा, दुखापत न झालेल्या १०० जणांपैकी ५० जणांना दुखते. तर त्याच हिशेबाने दुखापत झालेल्यांत सुमारे ९१ जणांना दुखेल. हात अवघडून काम करणाऱ्यांसाठी (फळ्याच्या वरच्या टोकाला लिहिताना होते तसे) आकडा १.८१, आपल्या उदाहरणात ५० चे ६४. स्त्रियांसाठी १.५१, म्हणजे ६०. कामाचा मानसिक ताण जास्त असेल तर १.३५, म्हणजे ५७.

उलट दिशेचे दोन आकडे मला सर्वांत बोलके वाटतात. नियमित व्यायाम : ०.६३. वरिष्ठांचा भक्कम आधार : ०.६८. आपल्या उदाहरणात ५० वरून अनुक्रमे ३९ आणि ४०. मुख्याध्यापकांचे पाठबळ व्यायामाच्या जवळपास बरोबरीने उभे आहे! अर्थात ही एकाच वेळची पाहणी. कंबर धरलेला माणूस व्यायाम टाळतो आणि त्याला साहेबही खडूस वाटतो, असेही असू शकते. तरीही कंबरदुखीचे सगळे खापर उभे राहण्यावर आणि खुर्चीवर फोडणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

स्टाफरूममधले निदान मात्र ठरलेले : 'मणक्यात गॅप आहे.' पण मणक्याची झीज दुखणे नसलेल्यांतही दिसते. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी अजिबात दुखणे नसलेल्या ३,११० जणांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. विशीत ३७ टक्के, चाळिशीत ६८ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या होत्या. जगात २०२० मध्ये ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यातली सुमारे ९० टक्के दुखणी अशी, की एका ठरावीक जागेवर बोट ठेवता येत नाही. पायातली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा कारणाविना वजन घटणे ही लक्षणे असतील तर मात्र तडक डॉक्टर गाठावा. जुनाट कंबरदुखीसाठी कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) सरसकट वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्लाही मागे पडला आहे. हालचाल चालू ठेवायची.

आता आपल्याकडे. शाळांच्या २०२४-२५ च्या सरकारी 'यू-डायस' नोंदीनुसार देशात एक कोटीहून अधिक शिक्षक आहेत आणि त्यांत ५४.२ टक्के स्त्रिया. शिक्षण हक्क कायद्याने तयारी धरून आठवड्याला किमान ४५ तास ठरवले आहेत. निवडणूक आणि जनगणनेची कामेही त्यांना लावता येतात. मानसिक ताणाचा १.३५ वाचताना हे आठवावे. आणि ०.६८ वाचताना हे : त्याच नोंदीनुसार देशातल्या १,०४,१२५ शाळा एकशिक्षकी होत्या, महाराष्ट्रातल्या ८,१५२. तिथे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि कारकून एकच. तास बदलून घ्यायलाही दुसरे कोणी नाही. अशा शिक्षकांसाठी वरिष्ठांचा आधार म्हणजे केंद्रप्रमुखांची भेट आणि रजेच्या दिवशी मिळणारा बदली शिक्षक.