दुसरी फेरी

समुपदेशनाच्या एमएसाठी आलेल्या अर्जांत एक वाक्य हमखास असतं : ‘लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात.’ ते खरंही असतं. पण निवड समितीत बसलेल्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. सोसायटीतल्या सगळ्यांच्या ‘ताई’पाशीही लोक मन मोकळं करतात, आणि चहा संपायच्या आत ताई त्यांना काय करायचं ते सांगून मोकळी होते.

पदवीचे गुण कागदावर दिसतात. स्वभाव कुठे पाहायचा? कार्ल रॉजर्स यांनी 1957 साली समुपदेशकाकडे काय हवं ते मांडून ठेवलंय : समानुभूती, विनाअट स्वीकार, आतबाहेर एक असणं. आता तुमच्यात समानुभूती आहे का, असं विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा उमेदवार मला अजून भेटायचाय. म्हणून आमच्या समितीत विचारणं कमी आणि पाहणं जास्त असतं.

एक सहकारी मॅडम अशील होऊन बसतात. मुलगा लातूरला नीटच्या क्लासला होता, दुसऱ्यांदाही गुण कमी पडले, आता घरी आलाय आणि खोलीतून बाहेर येत नाही. आई सांगतेय. उमेदवाराला सात-आठ मिनिटं. बहुतेक जण तिसऱ्या वाक्यालाच घसरतात : ‘काळजी करू नका, नीट म्हणजे सगळं आयुष्य नाही.’ कुणी बीएस्सीचे पर्याय सांगतं, कुणी प्राणायाम. मॅडम मुद्दाम थोड्या चिडतात : ‘तुम्हाला मुलं आहेत का? मग तुम्हाला काय कळणार!’ इथे खरं दिसू लागतं. कुणी आपलं वय आणि वाचन यांचा बचाव करतं, कुणी गप्प होतं. क्वचित एखादी म्हणते, ‘नाहीत मला. तुम्ही किती दमला असाल, तेच मी ऐकत होते.’

अमेरिकेत टिमोथी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीवर एक अभ्यास केला. अवघड अशिलांच्या चित्रफिती थेरपिस्टना दाखवायच्या आणि ते तिथल्या तिथे काय बोलतात त्याला गुण द्यायचे. 25 थेरपिस्ट आणि त्यांचे 1,141 अशील यांच्यावरचा हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. वय, स्वतःच भरलेली सामाजिक कौशल्यांची प्रश्नावली आणि हे गुण एकत्र तपासले, तेव्हा अशिलांना पडलेल्या फरकाशी संबंध दिसला तो फक्त या गुणांचा. आपल्याबद्दल आपण काय लिहितो यापेक्षा कुणी अंगावर आल्यावर आपण काय करतो, ते पाहिलेलं बरं.

तरी एका फेरीवर मी निकाल देत नाही. ज्याला अजून शिकायचंय त्याला आधीच येत असावं, ही अपेक्षाच चुकीची. पहिल्या फेरीनंतर आम्ही उमेदवाराला एकच गोष्ट सांगतो : ‘तुम्ही लवकर उपाय दिलात. या वेळी फक्त समजून घ्या.’ आणि तोच प्रसंग पुन्हा. माझ्या मते सगळ्या दिवसातली सर्वांत बोलकी मिनिटं हीच. काही जण ‘हो सर’ म्हणतात आणि तोच सल्ला प्रश्नाच्या रूपात देतात : ‘तुम्हाला नाही वाटत की त्याला थोडा वेळ द्यावा?’ काहींचा चेहरा पडतो आणि मग मिटतोच. काही अडखळतात, वाक्य अर्धवट सोडतात, पण आईकडे वळून बसतात. मला ही अडखळणारी मुलं हवी असतात.

आणखी एक अडचण आहे, ती आमच्या बाजूची. सफाईदार इंग्रजी, ‘बाउंडरीज’, ‘ट्रिगर’, ‘होल्डिंग स्पेस’ असे शब्द कानावर पडले की समितीचं पेन आपोआप वरच्या गुणांकडे सरकतं. बीडहून आलेली मुलगी ‘त्या माउलीला कुणी विचारलंच नसेल हो’ म्हणते, तर ती साधी वाटते. उद्या हिच्यासमोर बसणारी आई मराठीतच रडणार आहे, याचा तेव्हा विसर पडतो. म्हणून आपापसांत बोलण्याआधी प्रत्येकाने गुण लिहून टाकायचे आणि प्रत्येक गुणापुढे उमेदवाराचं प्रत्यक्ष वाक्य टिपायचं. ‘छान वाटली’ हा शेरा चालत नाही.

स्वतःच्या दुःखातून या वाटेला आलेले पुष्कळ असतात. त्यांना दुःखाचा तपशील विचारायचा नाही, आजार किंवा उपचार तर नाहीच. ते आपणहून बोलले, तर पाहायचं एवढंच की अशिलाची गोष्ट ऐकताना ते तिच्यापाशी राहतात की स्वतःच्या गोष्टीकडे वळतात. डोळ्यांत पाणी आलं म्हणून कुणाचे गुण कापायचे नाहीत.

निवड न झालेल्यांपैकी काही जण कारण विचारायला येतात. ‘तुमचा स्वभाव योग्य नाही’ असं सांगणं क्रूर, आणि तेवढं आम्हाला कळलेलंही नसतं. टिपणवही उघडून आम्ही सांगतो, ‘दुसऱ्या फेरीतही तुम्ही तिला चार वेळा मध्येच थांबवलंत. ही ती चार वाक्यं.’ काही जण वाद घालतात. काही जण ती वाक्यं उतरवून घेतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतात.