शब्द तोडा, जोर पकडा!
इंटरव्ह्यूत ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणताना जीभ अडखळते ना? मग अख्खा शब्द एका दमात रेटू नका. तुकडे करा: रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. झाले सहा. मुख्य जोर ‘बि’वर. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने बोलतो. इंग्रजीत तसं केलं, तर स्पेलिंग पाठ असूनही समोरचा ‘पार्डन?’ विचारतो.

खूण सोपी आहे. शेवटी ‘इटी’ असेल, तर जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर: युनिव्हर्सिटीत ‘व्हर्’वर. ‘शन’ किंवा ‘इक’ असेल, तर बहुतेकदा शेवटून दुसऱ्यावर: एज्युकेशनमध्ये ‘के’वर, फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रॅ’वर.

रोज एक लांबलचक शब्द घ्या. टाळी वाजवत तोडा, जोराच्या तुकड्यावर टाळी मोठी. आठवडाभरात फरक तुमच्याच कानाला कळेल!