मानवरहित आकाश : लेखांक ५ – जनरल अ‍ॅटॉमिक्सचं न उतरणारं विमान

गेल्या आठवड्यात आपण १९८२ सालच्या बेका खोऱ्यातल्या लढाईपाशी थांबलो होतो. इस्रायलच्या चिमुकल्या मानवरहित विमानांनी सीरियाचे क्षेपणास्त्रतळ हेरले आणि जगभरच्या सेनाधिकाऱ्यांचे डोळे उघडले. पण त्याच्या काही वर्षं आधीच इस्रायलचा एक अव्वल विमान अभियंता देश सोडून अमेरिकेत गेला होता. अब्राहम करेम त्याचं नाव. जन्म बगदादचा, वाढला इस्रायलमध्ये. लॉस एंजेलिसजवळच्या घराच्या गॅरेजमध्ये त्यानं ‘अल्बाट्रॉस’ नावाचं ड्रोन बांधलं.

तेव्हा अमेरिकी भूदलाकडे ‘अक्विला’ नावाचं ड्रोन होतं. एका उड्डाणासाठी तीसएक माणसं राबत आणि तरीही ते सारखं कोसळायचं. विमानात माणूस नाही, मग पडलं तर पडलं, अशी त्या काळची धारणा होती. करेमला नेमकं तेच मान्य नव्हतं. वैमानिकाच्या विमानाइतकं भरवशाचं आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ हवेत राहणारं यंत्र त्याला हवं होतं. पेंटॅगॉनच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेनं पैसे दिले, त्यातून ‘अँबर’ जन्मलं आणि १९८८ मध्ये ते ३८ तासांहून जास्त काळ उडत राहिलं. तरी सरकारनं प्रकल्प गुंडाळला आणि करेमची कंपनी बुडाली. उत्तम यंत्र केलं की गिऱ्हाईक आपोआप येतं, हा समज शस्त्रांच्या बाजारात तरी टिकत नाही.

बुडालेल्या कंपनीची मालमत्ता अखेर सॅन डिएगोच्या जनरल अ‍ॅटॉमिक्सकडे आली. नावाप्रमाणे ही मूळची अणुभट्ट्यांची कंपनी, स्थापना १९५५ची. १९८६ मध्ये नील आणि लिंडन ब्लू या भावांनी ती तेल कंपनी शेव्हरॉनकडून विकत घेतली होती. हे भाऊ म्हणजे वेगळंच प्रकरण. विद्यार्थिदशेत त्यांनी छोट्या विमानातून दक्षिण अमेरिका पालथी घातली आणि ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. पुढे निकाराग्वात त्यांनी केळी आणि कोकोची शेतीही केली. कंपनी खासगी असल्यानं दर तिमाहीला भागधारकांना नफा दाखवायची सक्ती नव्हती. मागणी यायच्या आधीच स्वतःच्या पैशानं विमान बांधायची चैन त्यांना परवडत होती. माझ्या मते कंपनीच्या यशाचं रहस्य तंत्रज्ञानाइतकंच या हिशेबात आहे.

करेमच्याच आराखड्यावरचं ‘नॅट ७५०’ हाताशी तयार होतं. म्हणून १९९४च्या जानेवारीत मिळालेल्या कंत्राटाचं विमान त्याच वर्षी जुलैत उडालं आणि १९९५ मध्ये बोस्नियावर टेहळणीला पोहोचलं. हेच ते ‘प्रिडेटर’.

त्याच्या रचनेतली प्रत्येक गोष्ट हवेत टिकण्यासाठी आहे. पंख जवळपास पंधरा मीटर लांब आणि अरुंद, म्हणजे हवेचा अडथळा कमी. शरीर हलक्या संमिश्र द्रव्याचं. इंजिन ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सचं, हौशी वैमानिकांच्या हलक्या विमानांत बसतं त्या जातीचं. वेग मात्र द्रुतगती मार्गावर मर्यादा मोडून पळणाऱ्या मोटारीइतकाच. पंखा मागच्या टोकाला आहे आणि नाकाशी जो मोठा फुगवटा दिसतो, त्यात उपग्रहाशी बोलणारी तबकडी बसवलेली असते. या तबकडीमुळेच नेवाडाच्या वाळवंटातल्या खोलीत बसून अफगाणिस्तानावरचं विमान चालवता येत असे. पण उपग्रहामार्गे संदेश जाऊन उत्तर परत यायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. धावपट्टीला चाकं टेकवताना एवढा उशीर परवडत नाही. त्यामुळे उड्डाण आणि उतरणं तळावरच्या तुकडीनं करायचं आणि मधला सगळा पल्ला नेवाडातून सांभाळायचा, अशी कामाची वाटणी झाली.

फेब्रुवारी २००१ मध्ये प्रिडेटरवरून हेलफायर क्षेपणास्त्र डागण्याची चाचणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये ते अफगाणिस्तानात लढाईला उतरलं. टेहळ्याचा मारेकरी झाला. पाठोपाठ आलेलं ‘रीपर’ कंपनीनं आधी स्वखर्चानंच उभं केलं होतं. त्याचं टर्बोप्रॉप इंजिन ९०० अश्वशक्तीचं, पंख वीस मीटरचे.

जास्त वेळ पाहिलं की चूक कमी होते, असा या विमानांच्या बाजूनं दावा केला जातो. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये रीपरनं एका पांढऱ्या मोटारीचा सुमारे आठ तास माग काढला आणि मग क्षेपणास्त्र सोडलं. दहा नागरिक मेले, त्यांत सात मुलं होती. पेंटॅगॉननं ही चूक पुढे कबूल केली. कॅमेऱ्यात काही कमी नव्हतं. पाहणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं तेच त्यांना दिसलं.

भारतानं १५ ऑक्टोबर २०२४ रोजी रीपरच्या पुढच्या पिढीची, म्हणजे एमक्यू-९बी जातीची, ३१ विमानं घ्यायचा करार केला. १५ नौदलाला, भूदल आणि हवाई दलाला प्रत्येकी ८; खर्च देखभालीसह सुमारे ३२,००० कोटी रुपये. नौदलानं २०२० पासूनच दोन विमानं भाड्यानं घेऊन तमिळनाडूतल्या आरक्कोणमच्या तळावरून वापरली होती. त्यांतलं एक २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात उतरवावं लागलं. पुण्याच्या भारत फोर्जशीही कंपनीनं २०२३ मध्ये भागीदारी जाहीर केली. विषय होता या विमानांच्या चाकांच्या सांगाड्याचे भाग बनवण्याचा.

सौदा महाग आहे का? हिंदी महासागरावर तासन् तास जहाजांचा माग काढायचा असेल, तर या विमानाला तोडीस तोड पर्याय थोडे आहेत. तिन्ही दलांत नौदलाचा वाटा मोठा आहे, तो मला म्हणूनच पटतो. डोंगराळ सीमेपलीकडे, जिथे समोरच्याकडे चांगली विमानभेदी क्षेपणास्त्रं आहेत, तिथला हिशेब वेगळा. २०२५ च्या वसंतात येमेनच्या हूथींनी सहा आठवड्यांच्या आत सात रीपर पाडले. सुमारे तीन कोटी डॉलरचं एकेक विमान, आणि संथ गतीनं जाणारं ते मोठं लक्ष्य चुकवणार तरी कसं?

स्वस्तात बांधा, गेलं तर दुसरं पाठवा, या उलट वाटेनं जाणारी कंपनी इस्तंबूलची : बायकर. मोटारींचे सुटे भाग बनवण्यापासून तिनं सुरुवात केली होती. तिच्याबद्दल पुढच्या लेखांकात.