मंद तांबडा टॉर्च : कोणी वापरावा, कोणी टाळावा?

डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतल्या उल्कांचा वर्षाव ऐन भरात असतो. गेल्या हिवाळ्यात उल्का पाहायला गच्चीवर बसणाऱ्या मुलांनी मला विचारले, "डॉक्टर, त्यासाठी लाल उजेडाचा टॉर्च घ्यायचा म्हणतात, तो कशाला?" पुढे रात्रीच्या ओलिताला जाणाऱ्या एका शेतकऱ्यानेही तेच विचारले. प्रश्न एकच असला तरी दोघांना उत्तर मात्र मी वेगवेगळे दिले. त्याचे कारण वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे.

डोळा काळोखाला कसा सरावतो?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दांड्याच्या आकाराच्या पेशी मंद उजेडात पाहतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. प्रखर उजेड पडला की ते विरते आणि काळोखात हळूहळू पुन्हा तयार होते. शंकूपेशी आठ-दहा मिनिटांत सरावतात. दंडपेशींना मात्र पूर्ण सरावायला अर्धा तास, कधी चाळीस मिनिटेही लागतात. म्हणूनच घरातून एकदम अंगणात आल्यावर चार चांदण्या दिसतात आणि अर्ध्या तासाने तेच आकाश भरून येते. मध्येच कोणी मोबाइलचा झगझगीत पडदा डोळ्यांसमोर धरला किंवा मेहकर रस्त्यावरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला, की ही कमाई क्षणात जाते.

या दंडपेशी हिरव्या-निळ्या उजेडाला फार संवेदनशील असतात, पण गडद तांबडा उजेड त्यांना जवळजवळ जाणवत नाही. तांबड्या उजेडात शंकूपेशींच्या बळावर नकाशा वाचता येतो आणि दंडपेशींचे रंगद्रव्यही फारसे खर्ची पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या उड्डाणाआधी वैमानिकांना तांबड्या काचेचे चष्मे घालून बसवीत, त्यामागे हेच तत्त्व होते.

टॉर्च कसा निवडावा?

पहिली गोष्ट, रंगापेक्षा मंदपणा महत्त्वाचा. तांबडा पण भगभगीत टॉर्चही डोळे दिपवतो. हातातल्या कागदावरची अक्षरे जेमतेम वाचता यावीत, एवढाच उजेड हवा. प्रकाश कमी-जास्त करता येणारा टॉर्च मिळाला तर उत्तम. मात्र बटण दाबताच आधी पांढरा आणि मग लाल दिवा लागत असेल, तर तो टॉर्च घेऊ नये.

दुसरी गोष्ट, तांबडा उजेड खरोखर तांबडा हवा. लाल एलईडी असलेला टॉर्च त्या दृष्टीने चांगला. घरचा पांढरा टॉर्चही चालेल. आकाशकंदिलाला लावतात तो लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी करून काचेवर रबराने बांधावा. मग अंधाऱ्या खोलीत हिरव्या पानावर उजेड टाकून पाहावा. पान काळपट दिसले तर काम झाले; हिरवे दिसले तर आणखी एक पदर चढवावा.

तिसरी गोष्ट, टॉर्च खाली धरावा. कोणाच्याही तोंडावर मारू नये. गाडी समोरून आली तर एक डोळा घट्ट मिटून घ्यावा, म्हणजे निदान त्या डोळ्याचा सराव टिकतो. अंधुक तारा पाहताना त्याच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे नजर थोडी वळवली की तारा उमटतो.

इथे तांबडा टॉर्च नको

आता शेतकऱ्याला दिलेले उत्तर. आपल्याकडे अनेकांना रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यावे लागते. त्यांना चांदण्या पाहायच्या नसतात, बांधावरचा साप पाहायचा असतो. घोणस वाळल्या पाल्यात आणि मण्यार काळ्या मातीत सहज मिसळून जाते. मंद तांबड्या उजेडात रंगांचे भेद पुसले जातात आणि समोरचे चार हात अंतरही नीट दिसत नाही. त्यांनी स्वच्छ पांढऱ्या उजेडाचाच टॉर्च घ्यावा, पायांपुढे धरावा, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत आणि हातातली काठी आपटत चालावे. उल्का पाहणाऱ्या मुलांनीही येता-जाता पांढरा टॉर्चच वापरावा. तांबडा टॉर्च फक्त एका जागी बसल्यावर. आणि चुकून साप चावलाच तर मंत्र-तंत्रात वेळ न दवडता १०८ क्रमांकाला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

तांबड्या उजेडात औषधही घेऊ नये. अँटिबायोटिकच्या पट्टीवरची लाल रेघ त्या उजेडात दिसेनाशी होते. इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी असते. तांबड्या उजेडात दोन्ही सारखीच भासतात. त्यातून मात्रा चुकली तर जिवावर बेतू शकते. जखमेतून रक्त किती गेले, अंगावर पुरळ आहे की नाही, हेही त्या उजेडात कळत नाही.

अर्ध्या तासानेही दिसत नसेल तर?

सोबतच्या सर्वांना अंधारात वाट दिसते आणि आपल्याला किंवा आपल्या मुलाला दिसत नाही, असे असेल तर तो दोष टॉर्चचा नाही. ऱ्होडॉप्सिन तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. डोळ्यातील अ जीवनसत्त्वाचे हे काम उलगडून दाखवणारे जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून मुलाला नवव्या महिन्यात व त्यानंतर पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे अ जीवनसत्त्वाचे एकूण नऊ डोस पाजून घ्यावेत. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पपई, आंबा, दूध, अंडी आहारात असावीत. भाजीला थोडे तेल जरूर असावे, म्हणजे हे जीवनसत्त्व अंगी लागते.

मोठ्या माणसांत मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याचे आनुवंशिक आजारही रात्रीची नजर कमी करतात. यांपैकी काहींवर वेळीच उपाय झाला नाही, तर गेलेली दृष्टी परत येत नाही. संध्याकाळ झाली की मूल खेळ सोडून भिंतीला धरून चालू लागले, किंवा घरातले आजोबा तिन्हीसांजेनंतर बाहेर पडायचे टाळू लागले, तर त्यांना नवा टॉर्च घेऊन देऊ नका. डोळे तपासायला न्या.