घरकुलाला आधी जागा हवी

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर कातकरी वस्त्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा कुटुंबाला पक्क्या घरासाठी 2 लाख रुपये मिळतात. पैसे काम पुढे सरकेल तसे हप्त्याहप्त्याने थेट बँकखात्यात येतात.

पण घर बांधायचं कुठे? पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राहिलेल्या कुटुंबाच्या नावावर सातबारा नसतो. जागेचा कागद नाही, तर घरकुलही अडतं. आणि मला वाटतं, खरा प्रश्न हाच आहे. भूमिहीनांना जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. पण कोणीतरी जागा विकायलाही तयार हवं.

अमेरिकेत मदतीची रीत वेगळी. तिथे सरकार भाड्याचं व्हाउचर देतं, कुटुंब वस्ती निवडतं. 1994 ते 1998 दरम्यान पाच शहरांत सोडत काढून याचा प्रयोग झाला. तेराव्या वर्षाच्या आत कमी गरिबीच्या वस्तीत गेलेल्या मुलांची पुढची कमाई सुमारे 31 टक्क्यांनी जास्त निघाली. मोठेपणी गेलेल्यांना तसा लाभ दिसला नाही.

व्हाउचर कुटुंबाला हलवतं, घरकुल त्याला आहे तिथेच रुजवतं. म्हणून दूरच्या पाड्यावर घर मंजूर करताना शाळा, दवाखाना आणि एसटीचा थांबा किती लांब आहे, हेही मोजलं पाहिजे.