साहित्यसंस्था आणि मतपेटी

यवतमाळ शहरानें अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनाचा पाहुणचार दोनदां केला. १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. जानेवारी २०१९ मधील ब्याण्णवाव्या संमेलनाचें अध्यक्षपद डॉ. अरुणा ढेरे यांनीं भूषविलें. या दुसऱ्या संमेलनाचें नांव निघालें कीं नयनतारा सहगल यांस पाठविलेलें आणि ऐन वेळीं मागें घेतलेलें निमंत्रण लोकांस आठवतें, आणि तें आठवावें हें योग्यच आहे. परंतु त्याच संमेलनापासून आणखी एक गोष्ट घडली, तिचा विचार व्हावा तितका झाला नाहीं असें आम्हांस वाटतें. संमेलनाध्यक्षाची निवडणूक तेव्हांपासून बंद झाली. साहित्य महामंडळानें २०१८ सालीं आपली घटना बदलली, आणि अध्यक्ष मतांनीं निवडण्याऐवजीं घटक व संलग्न संस्थांनीं सुचविलेल्या नांवांतून महामंडळानेंच ठरवावा, असा नियम केला.

ती निवडणूक कशी होत असे हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. १९६१ सालीं स्थापन झालेलें हें महामंडळ म्हणजे मुख्यतः चार संस्थांचा संघ: पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) व मराठवाडा साहित्य परिषद (१९४३). या संस्थांचे सभासद हजारोंनीं मोजावे लागतात. पण संमेलनाध्यक्षाचे मतदार सारे मिळून हजार-अकराशेंच्या घरांत. आपल्या वांट्याचे मतदार प्रत्येक संस्थेनें नेमून द्यावयाचे. तेव्हां कार्यकारी मंडळाच्या निकटच्या मंडळींचीं नांवें यादींत आधीं येत, यांत नवल तें काय? मतपत्रिका टपालानें जात व टपालानें येत. त्या कोऱ्याच गोळा होतात व एकाच हातानें भरल्या जातात, ही तक्रार वारंवार ऐकूं येई. यवतमाळच्या बाजारांत कापसाच्या गाठी बांधतात. साहित्याच्या बाजारांत मतांच्या गाठी बांधीत, एवढाच काय तो फरक, आणि कापसाची गाठ निदान काट्यावर तरी चढते.

या पद्धतीचें फळ काय मिळालें? २००१ सालीं इंदूर येथें विजया राजाध्यक्ष अध्यक्ष झाल्या. त्यानंतर २०१८ च्या बडोदें संमेलनापर्यंत त्या खुर्चीवर एकहि स्त्री बसली नाहीं. विजय तेंडुलकर त्या पदावर कधींच आले नाहींत. याच जिल्ह्यांतील पारवें गांवीं जन्मलेले महेश एलकुंचवार हेहि आले नाहींत. मतांसाठीं गांवोगांव फिरणें सर्वांच्याच स्वभावांत बसत नाहीं, हें कोणीहि समजूं शकेल. निवडणूक गेली, आणि ढेरे यांच्या पाठोपाठ फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जयंत नारळीकर, पुढें २०२५ सालीं दिल्लीस डॉ. तारा भवाळकर असे अध्यक्ष लाभले. हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. संमेलनाध्यक्षपद हा मान आहे. त्या व्यक्तीच्या हातीं ना संस्थेची तिजोरी, ना निमंत्रणांची यादी. एक भाषण करावें व वर्षभर सभांना जावें, इतकाच त्याचा व्याप. असा मान विचारविनिमयानें दिला तर कोणाचा हक्क बुडतो असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचें म्हणणें वेगळेंच आहे. जेथें केवळ मान होता तेथली मतपेटी उचलून नेली. पण जेथें अधिकार आहे तेथली मतपेटी कोणीं तपासली?

यवतमाळच्याच प्रसंगाकडे पाहावें. सहगल या इंग्रजींत लिहितात म्हणून एका राजकीय पक्षाच्या स्थानिक मंडळींनीं विरोध केला. (त्यांचे वडील रणजित पंडित यांचें मूळ मराठी होतें, हें विरोध करणारांस ठाऊक होतें कीं नाहीं कोण जाणे.) संमेलन उधळलें जाईल या भीतीनें आयोजकांनीं निमंत्रण रद्द केलें. अनेक साहित्यिकांनीं येण्याचें नाकारलें. महामंडळाचे अध्यक्ष डॉ. श्रीपाद भालचंद्र जोशी यांनीं राजीनामा दिला. ढेरे यांनीं अध्यक्षपदावरून झाला प्रकार अयोग्य असल्याचें स्पष्ट सांगितलें, हें त्यांस भूषणावह आहे. परंतु तो निर्णय फिरविण्याचा अधिकार त्यांस नव्हता. आणि ज्या साध्या सभासदानें वर्गणी भरून दारव्हें किंवा दिग्रस येथें संघाचें नांव जागतें ठेवलें, त्यास ही वार्ता वृत्तपत्रांतून कळली. कोणास जाब विचारावा, पुढील वेळीं कोणास मत देऊं नये, हेंहि त्यास सांगतां आलें नसतें.

या संमेलनाचें उद्घाटन अखेर श्रीमती वैशाली येडे यांनीं केलें. कळंब तालुक्यांतील, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. त्याच वर्षीं त्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघांतून लोकसभेच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या व हरल्या. पण हरल्या त्या उघड मोजणींत. मतदारयादी कोणासहि पाहतां येत होती, मोजणीस प्रत्येक उमेदवाराचा माणूस बसूं शकत होता. ज्या व्यासपीठावरून त्यांनीं भाषण केलें, त्यामागील संस्थांच्या निवडणुकांविषयीं इतकें छातीठोकपणें कोण सांगेल?

मतदारयादी हें सर्वांचें मूळ. सभेंत कोण आणि सभेबाहेर कोण, हा प्रश्न मराठी साहित्यव्यवहारांत नवा नाहीं. १८८५ सालीं न्यायमूर्ति रानड्यांच्या ग्रंथकारसभेचें निमंत्रण जोतीराव फुल्यांनीं नाकारलें तें याच प्रश्नावर. आजच्या संस्थांतून हा प्रश्न अधिक क्षुद्र रूपानें उभा राहतो. निवडणूक जवळ आली कीं कोणी तरी शेंदीडशें लोकांची वर्गणी स्वतः भरून त्यांस सभासद करून घेतो. पत्ता बदललेल्याची मतपत्रिका जुन्या पत्त्यावर जाते, व तेथून ती कोठें जाते हें त्यास कळत नाहीं. यादी सांभाळणारा चिटणीस स्वतःच उमेदवार असतो. हे चिटणीस बहुधा दुष्ट नसतात. बहुतेक ठिकाणीं तेच एकटे राबत असतात, आणि राबणाऱ्याच्या मनांत संस्था आपलीच आहे ही भावना हळूहळू घर करते. म्हणूनच नियम पाहिजेत.

टपालाचें मतदान बंद करा असें आम्ही म्हणणार नाहीं. उमरखेडहून नागपूर दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. एका मतासाठीं शाळामास्तर किंवा शेतकरी एवढा प्रवास करणार नाहीं. टपाल ठेवावें, पण दोन पाकिटांचें. मत आंतील कोऱ्या पाकिटांत, बाहेरच्या पाकिटावर मतदाराची सही. सही नोंदवहीशीं ताडून पाहावी, मगच आंतील पाकीट पेटींत टाकावें. म्हणजे मत कोणाचें हें कळत नाहीं, पण मतदार खरा कीं खोटा हें कळतें. टपाल संस्थेच्या कचेरींत न येतां निर्वाचन अधिकाऱ्याच्या स्वतंत्र पेटींत यावें, आणि तो अधिकारी संस्थेचा सभासद नसावा. मतदानापूर्वीं निदान एक वर्षाचें सभासदत्व असलेल्यासच मत द्यावें. यादी प्रत्येक शाखेच्या फलकावर महिनाभर लावावी. यांत खर्चाची म्हणावी तर पाकिटांचीच बाब काय ती.

कायद्यावर विसंबून भागत नाहीं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणें पदाधिकारी बदलले कीं नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावें लागतें. पण हें झाल्यानंतरचें कळविणें. तंटा गेला तर निकाल लागेपर्यंत मुदतच संपून जाते. सहकारी संस्थांसाठीं राज्याचें निवडणूक प्राधिकरण आहे. साहित्यसंस्थांवर सरकारनें असें कांहीं बसवावें ही मागणी आम्ही करणार नाहीं, कारण जे अनुदान देतात त्यांच्याच हातीं मतपेटीहि द्यावी हें आम्हांस धोक्याचें वाटतें. तेव्हां उपाय सभासदांनींच केला पाहिजे. आणि तो केला नाहीं तर काय होतें, हेंहि दिसलें आहे: २०२१ सालीं महामारीचें कारण देऊन महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या कार्यकारी मंडळास सभेनें पांच वर्षांची मुदतवाढ दिली. रोगाची साथ खरी होती. परंतु साथीमुळें सहा महिने, फार तर वर्ष, समजूं शकतें. पांच वर्षें म्हणजे एक संपूर्ण निवडणूकच.

विदर्भ साहित्य संघाच्या यवतमाळ जिल्ह्यांतील सभासदांस आमची सूचना अशी कीं, पुढील निवडणूक जाहीर होण्यापूर्वींच त्यांनीं मतदारयादीची मागणी लेखी करावी, व आपलें नांव आणि पत्ता तींत बरोबर आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें. उत्तर आल्यास, तें होकाराचें असो वा नकाराचें, त्यांनीं आमच्याकडे धाडावें. या स्तंभांत तें आम्ही जसेंच्या तसें छापूं.